जुन्या पोस्टी उकरायच्या का?

सप्रेम नमस्कार,

आठ वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जणांनी हौशी फोटोग्राफरांचा एक ऑनलाइन ग्रुप सुरू केला. तेव्हा नियम दोनच होते : एकमेकांशी नीट वागा, आणि मोबाइलवर काढलेला फोटो टाकू नका. (दुसऱ्या नियमापायी आम्ही काही जणांना काढलंही होतं. आता तो नियम राहिलेला नाही.) दर शुक्रवारी रात्री फोटोंची ‘सोलाई’ चालायची, म्हणजे एकेका फोटोची यथेच्छ खिल्ली, आणि सगळे हसायचे. पुढे सदस्य हजारोंच्या घरात गेले, म्हणून गेल्या वर्षी रीतसर नियमावली केली. कुणाची खिल्ली उडवायची नाही. अनोळखी लहान मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय टाकायचे नाहीत. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकला तर कायमची बंदी.

गेल्या महिन्यात एका सदस्याने आम्हा मॉडरेटरांना एक पीडीएफ पाठवली. एका ज्येष्ठ सदस्याने सहा-सात वर्षांपूर्वी नवशिक्यांच्या फोटोंवर केलेल्या झोंबऱ्या कमेंटचे त्यात ढीगभर स्क्रीनशॉट आहेत. ‘नियम सगळ्यांना सारखा असेल तर यांना काढा,’ अशी मागणी आहे. मग ती पीडीएफ ग्रुपवरही फिरली आणि सगळेच उकरायला लागले. पाच वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक स्पर्धेत पहिला आलेला फोटो मुळात एका परदेशी फोटोग्राफरचा होता, हे कुणीतरी इमेज सर्चवर शोधून काढलं. स्पर्धेच्या अटींत तेव्हाही लिहिलेलं होतं : ‘फोटो स्वतःचाच असावा, नसल्यास प्रवेशिका बाद.’ तो पाठवणाऱ्या बाई आज नवीन सदस्यांना शिकवतात, सगळ्यांच्या लाडक्या आहेत. शिवाय लहान मुलांचे कितीतरी जुने फोटो अजून ग्रुपवर तसेच आहेत.

आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नियम मोडला तो मोडला, कधी का मोडेना. दुसरा म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं. दरम्यान जुने धागे मधूनच गायब व्हायला लागलेत. आणि एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. पीडीएफमधल्या काही कमेंटना माझाच लाइक आहे. मी मॉडरेटरपद सोडू का?

– एक मॉडरेटर


नमस्कार,

पदाचं थोडं बाजूला ठेवा, शेवटी येते त्याच्याकडे. तुमचे दोन्ही तट एका बाबतीत सारखेच चुकताहेत. समोर तीन निरनिराळी प्रकरणं आहेत आणि दोघेही सगळ्यांना मिळून एकच उत्तर शोधताहेत.

ज्येष्ठ सदस्यापासून सुरुवात करू, कारण आरडाओरडा त्यांच्यावरून चाललाय. या पीडीएफच्या जोरावर त्यांना काढू नका. त्यांनी त्या कमेंट केल्या तेव्हा खिल्लीबद्दल नियम नव्हता. ‘नीट वागा’ होतं की, असं कुणी म्हणेल. होतं, पण नीट म्हणजे काय, हे तुम्ही सगळे रोजच्या वागण्यातून ठरवत होतात आणि शुक्रवारची सोलाई त्यात बसत होती. मॉडरेटर तिथे हजर असायचे. कुणी कमेंट उडवली नाही, कुणाला समज दिली नाही. ग्रुप चालवणारे ज्या गोष्टीला वर्षानुवर्षं हसून दाद देतात, तिला परवानगी आहे असंच कुणीही धरून चालेल. लिहिलेला नियम एक आणि चालणारा नियम दुसरा, हे कुठल्याही ऑफिसात चार दिवस काढलेल्या माणसाला ठाऊक असतं.

मागच्या तारखेने कुणाला दोषी ठरवायचं नाही, हे तत्त्व माझ्या पदरचं नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ते कलम ११ मध्ये आहे. भारताच्या राज्यघटनेत कलम २० (१) मध्ये आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत तर पहिल्याच कलमात दोनदा आहे, एकदा केंद्राला बजावलंय आणि एकदा राज्यांना. तुमच्यातला एखादा वकिली डोक्याचा सदस्य म्हणेल की ही बंधनं सरकारवर आहेत, फोटोंच्या ग्रुपवर नाहीत. खरंय. ग्रुप खासगी आहे. उद्या कुणाचा चेहरा आवडत नाही म्हणूनही तुम्ही त्याला काढू शकता. पण या तत्त्वामागचं कारण ग्रुपलाही तितकंच लागू पडतं. माणूस पाळू शकतो तो फक्त त्या वेळी असलेला नियम. सात वर्षांनी येणारा नियम आजच ओळखून वागा, असं आपण कुणाला सांगू शकत नाही. आणि सांगितलंच, तर लोक काय करतात ते तुम्हाला दिसतंच आहे. धागे गायब होताहेत ते काही आपोआप नाही. ज्यांना आपलं जुनं काही आठवतंय ते रात्री बसून पुसताहेत आणि पुसताना बरं-वाईट निवडत बसत नाहीत. उजेडावरची, शटर स्पीडवरची, कुणीतरी जीव ओतून लिहिलेली उत्तरंही त्यात चालली.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा मिळालेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूट्यूबने शिवराळ भाषेबद्दलचे जाहिरातींचे निकष कडक केले आणि ते आधी टाकलेल्या व्हिडिओंनाही लावले. ज्या व्हिडिओंवर आदल्या दिवसापर्यंत रीतसर जाहिराती लागत होत्या त्यांची कमाई घटली किंवा थांबली. व्हिडिओ बनवणारे खवळले आणि मार्च २०२३ मध्ये निकष पुन्हा सैल करावे लागले. त्याआधी, जून २०२० मध्ये, ट्विच या साइटवर व्हिडिओ गेम खेळून थेट दाखवणाऱ्यांवर कॉपीराइटच्या नोटिसांचा एकदम पाऊस पडला, त्याही २०१७ ते २०१९ च्या क्लिपांबद्दल. तिथे कायदा जुनाच होता, नवीन होती ती अंमलबजावणी. कुणालाच आपल्या जुन्या क्लिपांत काय काय आहे ते आठवत नव्हतं, आणि बऱ्याच जणांनी सगळ्याच्या सगळ्या क्लिपा पुसून टाकणं पसंत केलं.

मग ज्येष्ठांना मोकळं सोडायचं का? तसंही नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेलीय : नियमावली आल्यानंतर ते कसे वागले? आधी ते काढा. विकिपीडियाचं एक धोरण मला पटतं. तिथे एखाद्याला ब्लॉक करायचं ते पुढचं नुकसान टाळण्यासाठी, मागच्याचा वचपा काढण्यासाठी नाही. तुम्हीही तोच प्रश्न विचारा की यांना आज काढून आज काय थांबणार आहे? वर्षभरात त्यांनी कुणाची खिल्ली उडवली नसेल, तर नियमाने आपलं काम केलेलं आहे. उडवली असेल, तर त्या ताज्या कमेंटवर कारवाई करा, पीडीएफची गरजच नाही. मात्र ताज्या प्रकरणात समज द्यायची की महिनाभर बंदी, हे ठरवताना जुनं वागणं जरूर बघा. त्याला मागच्या तारखेची शिक्षा म्हणत नाहीत. माणसाची सवय बघून आजच्या चुकीचं वजन ठरवणं वेगळं.

तुम्ही पीडीएफची काही पानं पत्राला जोडलीत ते बरं केलंत. एका पानावर समुद्राचा तिरका फोटो आहे, खाली यांची कमेंट : ‘पाणी सांडतंय, बादली आणा.’ त्याखाली फोटोवाल्याचंच उत्तर आहे की पुढच्या वेळी सरळ धरतो, आणि दोघांचं हसणं. दुसऱ्या पानावर एका मुलीने काढलेला आजीचा फोटो आहे. कमेंट : ‘कॅमेरा विकून टाक, दोघींवर उपकार होतील.’ तिचं उत्तर नाही. तुम्ही समासात पेनने लिहिलंय की तिने त्यानंतर एकही फोटो टाकला नाही. ही दोन पानं पीडीएफमध्ये शेजारी-शेजारी आहेत, एकाच लाल चौकटीत. जमवणाऱ्याला त्यांत फरक दिसला नाही, किंवा दाखवायचा नव्हता.

त्या मुलीचं काय, हे मात्र दोन्ही तटांपैकी कुणीच विचारलेलं नाही. ज्येष्ठांना काढलं काय आणि ठेवलं काय, तिच्या पदरात काही पडत नाही. म्हणून माझी सूचना अशी की नियमावलीच्या आधीच्या बोलण्याबद्दल तक्रार करायचा हक्क फक्त ज्याला ते बोललं गेलं त्याला द्या. त्याने मॉडरेटरांना खासगीत कळवावं. कमेंट काढून हवी असेल तर काढा, अख्खा धागा काढून हवा असेल तर तो काढा, आणि जुन्या सदस्याला सांगा की अमुक व्यक्तीला अजून ते खुपतंय. पुढे माफी मागायची की नाही, हा त्यांचा प्रश्न. जाहीर माफीची सक्ती करू नका. सक्तीच्या माफीइतकं कोरडं काही नसतं, आणि ती वाचून ज्याची मागितली त्यालाच जास्त संकोच होतो.

आता स्पर्धेचं. इथे माझं मत नेमकं उलटं आहे : पाच वर्षं झाली म्हणून काहीही सोडू नका. नियम तेव्हाही होता, बाईंनी वाचलाही असणार. पाच वर्षं गेली ती तुम्ही डोळेझाक केलीत म्हणून नाही, त्यांनी लपवलं म्हणून. दिवाणी दाव्यांच्या मुदतीतही हा फरक केलेला आहे. भारतात १९६३ च्या मुदत कायद्यातल्या कलम १७ नुसार, फसवणूक असेल तर मुदत सुरू होते ती फसवणूक उघडकीला आल्यापासून. लपवणाऱ्याला लपवण्यातल्या यशाचं बक्षीस मिळू नये, इतकाच त्याचा अर्थ.

खेळांमधला उत्तेजकांचा कारभार या बाबतीत बघण्यासारखा आहे. ऑलिंपिकमध्ये घेतलेले लघवीचे नमुने गोठवून ठेवतात आणि पुढे चाचण्या सुधारल्या की पुन्हा तपासतात. २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे नमुने असे नव्याने तपासले तेव्हा बऱ्याच खेळाडूंची पदकं गेली. त्यात वारंवार सापडलेलं एक औषध होतं ट्युरिनाबॉल. २००८ मध्येही ते बंदीच्या यादीत होतं, फक्त शरीरात उरलेला त्याचा पुसटसा माग तेव्हाच्या चाचणीला दिसत नव्हता. म्हणजे चाचणी नवी, पण नियम जुनाच. स्पर्धेच्या वेळी ज्या गोष्टीला बंदी नव्हती तिच्यासाठी कुणाचं पदक काढून घेत नाहीत. आणि या मागे जाण्यालाही मर्यादा आहे, २०१५ पासून ती १० वर्षांची आहे. तुमचा इमेज सर्च हीच ती नवी चाचणी. तिने जुन्याच नियमाचा भंग दाखवला, तर निकाल बदलायचा.

तेव्हा त्या वर्षीचं पहिलं बक्षीस रद्द करा. दुसऱ्या क्रमांकावर जो होता त्याला पहिला जाहीर करा. ‘आता इतक्या वर्षांनी कशाला’ असं तो संकोचाने म्हणाला तरी करा, कारण या सगळ्यात खरोखर काही गमावलेला माणूस तो आहे. मूळ फोटोग्राफरला कळवा, जुन्या पोस्टवर त्यांचं नाव घाला किंवा त्यांना नको असेल तर फोटो उतरवा. नोंदी दुरुस्त करायला कधीच उशीर होत नाही. अटारी कंपनीच्या गेम-यंत्रावरच्या ‘ड्रॅगस्टर’ या व्हिडिओ गेमचा एक विक्रम १९८२ पासून मिरवत होता. त्या खेळाचा कोड तपासल्यावर तेवढी वेळ गाठणं शक्यच नाही असं दिसलं, आणि व्हिडिओ गेमच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलेक्सीजने जानेवारी २०१८ मध्ये तो आपल्या यादीतून काढून टाकला.

बंदीबद्दल मात्र हात आखडता घ्या. कायमची बंदी हे गेल्या वर्षीच्या नियमावलीतलं कलम आहे. तेव्हाच्या अटीत शिक्षा स्पष्ट लिहिलेली होती, ती म्हणजे प्रवेशिका बाद. मघाच्या जाहीरनाम्यातल्या त्याच कलमात पुढे असंही आहे की कृत्याच्या वेळी जी शिक्षा होती तिच्याहून जड शिक्षा देता येणार नाही. हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात, आणि भांडण तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

दोन गोष्टी तरी उरतात. बाईंना तुम्ही अजून थेट विचारलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. विचारा, आणि आधी खासगीत विचारा. त्यांनी सरळ कबूल केलं तर प्रकरण पाच वर्षांपूर्वीचं राहील. ‘तो माझाच फोटो आहे’ असं आज पुन्हा ठामपणे सांगितलं, तर ते आजचं खोटं झालं आणि त्याला आजची नियमावली खुशाल लावा. दुसरं, त्यांच्या शिकवण्याचं. नवशिक्यांना शिकवणं हा त्यांचा हक्क नाही, ग्रुपने टाकलेला विश्वास आहे. काही काळ स्पर्धेच्या परीक्षणापासून त्यांना लांब ठेवलंत तर ती शिक्षा होत नाही. शिकवायला मी ठेवीन. तुम्हाला जड जात असेल तर नवीन सदस्यांनाच ठरवू द्या. सगळं कळल्यावरही ज्याला शिकायचंय तो येईल.

मुलांच्या फोटोंवर चर्चाच नको. ते उतरवा. इथे शिक्षेचा प्रश्नच येत नाही. टाकणाऱ्याने तेव्हा नियम मोडला नव्हता, म्हणून त्याच्या नावावर काही लागणार नाही. पण फोटो आजही तिथे आहे, आजही कुणी तो डाउनलोड करू शकतं, आणि त्यातलं मूल आता शाळेत वर्गमित्रांच्या तावडीत असण्याच्या वयाचं झालेलं असेल. नवा नियम आज दिसणाऱ्या गोष्टीला लावला तर तो मागच्या तारखेने लावलेला होत नाही. टाकणाऱ्यांना दोन ओळींचा निरोप पुरे : नियम बदललाय, फोटो काढतोय, तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. पालकांची परवानगी होती असं कुणी कळवलं तर परत लावा. काम किचकट आहे, दोन-चार स्वयंसेवक घ्या.

एक अपवाद आधीच सांगून ठेवते, कारण उकराउकरी सुरू आहे तर तेही वर येऊ शकतं. धमक्या, ब्लॅकमेल, अल्पवयीन सदस्यांशी खासगीत नको ते बोलणं, अशा गोष्टी चूक आहेत हे कळायला नियमावली लागत नाही. तिथे ‘तेव्हा नियम नव्हता’ ही सबब ऐकून घेऊ नका, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत न्यावं लागलं तर न्या. कायद्यानेही ही फट ठेवलेली आहे. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, जगभर गुन्हा म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या कृत्यांना हे संरक्षण दिलेलं नाही. फक्त ती फट लहानच राहू द्या, नाहीतर प्रत्येक जण आपलं भांडण तिच्यातून आत सरकवेल. ‘कॅमेरा विकून टाक’ दुष्ट आहे, पण या रांगेतलं नाही.

कंसात तुम्ही सहज लिहून गेलात ते मोबाइलवाल्यांचं. नियम गेला, पण त्यापायी काढलेले लोक अजून बाहेरच आहेत का? असतील तर या आठवड्यात त्यांना परत बोलवा. मागे जाऊन शिक्षा देऊ नये हे जितकं खरं, तितकंच मागे जाऊन सूट द्यायला कसलीच आडकाठी नाही हेही खरं. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रश्नाला मिळणाऱ्या प्रत्येक पसंतीचे गुण ५ वरून १० केले, आणि जुन्या सगळ्या प्रश्नांचे गुणही नव्याने मोजले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६४ मध्ये रतनलाल खटल्यात एका १६ वर्षांच्या मुलाला परिवीक्षा कायद्याची, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याची, सवलत दिली, आणि त्याला शिक्षा झाली तेव्हा तो कायदा तिथे लागूही नव्हता. तुमच्या दोन्ही तटांचं निदान या एका ठरावावर तरी एकमत होईल, आणि सध्या तुम्हाला एखाद्या एकमताची गरज आहे.

राहिले पीडीएफवाले. तुम्ही लिहिलं नाहीत, पण इतका ढीग जमवायला माणूस उगाच बसत नाही. ज्येष्ठांशी त्यांचं अलीकडे काहीतरी वाजलं असणार. असो. हेतू वाकडा असला म्हणून स्क्रीनशॉट खोटा ठरत नाही. पण आठ वर्षांच्या ग्रुपमधून एकाच माणसाच्या कमेंट वेचून काढल्या तर ती चौकशी होत नाही. तसं चाळत बसलं तर तुमच्यापैकी कुणाचंही काहीतरी निघेल, त्यांचंही. त्यांना लिहा की तक्रार पाहिली, नियमावलीच्या आधीच्या कमेंटवर शिक्षा होणार नाही, ज्यांना त्या बोचल्या त्यांच्यासाठी वेगळी सोय केली आहे, आणि यापुढे असा गठ्ठा ग्रुपवर फिरवणं आम्ही खपवून घेणार नाही. फिरवल्याबद्दल त्यांना या वेळी शिक्षा करू नका. तसा नियम तुमच्याकडे अजून नाही, तो आज लिहा.

आणि तुमचा लाइक. पद सोडू नका. त्या शुक्रवारच्या मैफलीत तुम्ही हसत होतात, म्हणूनच तेव्हा काय चालायचं हे तुम्हाला सांगता येतंय. ग्रुपवर उशिरा आलेल्या मॉडरेटरला ते कळणार नाही. पण ज्येष्ठांच्या प्रकरणात मत देऊ नका, बाकीच्यांना ठरवू द्या. आणि लाइकचं त्यांना आजच सांगा, निकाल लागायच्या आधी. पीडीएफ सगळ्यांकडे आहे. झूम करून नावं वाचायला कुणालाही वेळ लागत नाही, आणि तुमचं नाव दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं तर तुम्ही घेतलेला चांगला निर्णयही ज्येष्ठांना वाचवण्यासाठी होता असंच लोक म्हणतील. आणि तो लाइक मात्र काढू नका.